वगळलेले नमुने

सर,

तुम्ही गेल्याचं मला बॅचच्या ग्रुपवर कळलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सगळ्यांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली, कुणीतरी तुमचा शाल-श्रीफळ घेतानाचा फोटो टाकला. मी काहीच टाकलं नाही. वाईट वाटलं, पण ते वेगळ्याच कारणासाठी. मला तुम्हाला एक दिवस समोर उभं राहून काहीतरी दाखवायचं होतं, आणि तुम्ही त्याआधीच निघून गेलात. मेलेल्या माणसाचा राग करणं बरं दिसत नाही, म्हणून तो कुणाला सांगितलाही नाही. गिळून बसले.

मी आता आयर्लंडमध्ये असते. घर ॲडम्सटाउनला, नोकरी लिक्सलिपच्या चिप कारखान्यात, वय पंचेचाळिशीकडे झुकलेलं. आणि गेलं वर्षभर मी पुन्हा विद्यार्थिनी आहे. आपली तीन वर्षांची बीएस्सी इथल्या मोजणीत एक पायरी कमी भरते. विद्यापीठात माहिती तंत्रज्ञानाचं ऑनर्सचं एक वर्ष करायचं, त्यात स्वतःचं संशोधन करून प्रबंध लिहायचा, की पायरी पुरी होते. कारखान्याच्या संशोधन विभागात जायला ती लागते. ऑफिसात मी हेच कारण सांगितलं, नवऱ्यालाही हेच सांगितलं. खरं कारण तुम्ही आहात.

तुम्हाला आठवत नसेल, म्हणून सांगते. नागपूरला शेवटच्या वर्षाला माझा प्रोजेक्ट होता हाताने लिहिलेले मराठी आकडे कॉम्प्युटरला वाचायला शिकवण्याचा. आकड्याभोवती चौकोन आखायचा, त्याचे सोळा खण करायचे, कुठल्या खणात किती शाई आहे ते मोजायचं आणि त्यावरून आकडा ओळखायचा. हे सुचलं मला, आमच्या स्वयंपाकघरात, पोळपाटावर पीठ पसरलेलं असताना. आई म्हणाली होती, "थ्या पिठावर काय रेघोट्या काढून रायली, पोळ्या लाटू दे." मग मी नमुने गोळा करत फिरले. गिरणीवाला, इस्त्रीवाला, शेजारच्या काकू, वर्गातल्या मुली. प्रत्येकाकडून एकेक पान, पानभर शून्य ते नऊ, आणि वर कोपऱ्यात कुणाचं पान ते लिहिलेलं. आईने तीन पानं लिहिली. ती दुसरीतून शाळा सोडलेली. तिचा तीन आणि तिचा सहा एकाच हिसक्यात निघायचे, कुठला कुठल्या बाजूला तोंड करून बसलाय ते तिलाही नीट सांगता यायचं नाही. पण जीभ दातांत धरून, सगळी कामं बाजूला ठेवून तिने ती पानं भरली.

माझा प्रोग्रॅम मुलींची पानं भराभर वाचायचा आणि आई, गिरणीवाला, इस्त्रीवाला आले की अडखळायचा. मी तसंच लिहून आणलं. तुम्ही केबिनमध्ये बसला आहात, टेबलाच्या काचेखाली देवांचे फोटो, आणि माझा तक्ता न वाचता तुम्ही म्हणताय, "असा निकाल असतो का? सेट कर." रीडिंग सेट करणं आम्हाला नवीन नव्हतं. फिजिक्सच्या जर्नलपासून आम्ही तेच करत आलो होतो, आधी उत्तर, मग त्याला शोभतील अशी रीडिंग. पण हे माझं स्वतःचं होतं. मी म्हटलं, "सर, निकाल हाच येतोय." तुम्ही पानं चाळली, सतरा पानं उपसून बाजूला काढली, आईची तिन्ही त्यात. "हे खराब नमुने. वगळ. आता चालव." मी चालवलं. निकाल झकास आला. वगळल्याचं कुठे लिहू, असं विचारलं तर तुम्ही नुसते हसलात.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं की कमी शिकलेल्या माणसाचं अक्षर हे वाचेल का. मी उत्तर द्यायच्या आत तुम्ही बोललात. "अहो, बाईसाहेब निघाल्या यंत्राला आकडे शिकवायला, आणि घरी आईला अजून तीन आणि सहा येत नाहीत." परीक्षक हसले. तुम्ही हसलात. सर, मीही हसले, आणि त्या हसण्याबद्दल मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही. दार उघडं होतं. बाहेर बाकावर आई बसली होती, मी भीतीने न जेवता आले म्हणून डबा घेऊन. मी बाहेर आल्यावर तिने डबा हातात दिला आणि म्हणाली, "खाऊन घे." तिने ऐकलं की नाही, ते मी विचारलं नाही.

वर्षभराने तुम्ही मला बोलावून एक नियतकालिक भेट दिलंत. त्यात तुमचा लेख. सोळा खण, शाईची मोजणी, सगळं माझं, आणि वर तुमचा दावा की ही पद्धत 'सर्व थरांतील व्यक्तींच्या' हस्ताक्षराला चालते. पहिल्या पानावर तुम्ही माझं नाव घालून 'शुभाशीर्वाद' लिहिलं होतं. त्या अंकात माझं नाव फक्त तुमच्या पेनाने लिहिलेलं होतं, छापलेलं कुठेच नव्हतं. मी वाकून नमस्कार केला. तो अंक आणि जुनी सगळी पानं, ती सतरासुद्धा, मी तीन घरं बदलताना जपून आणली. इथे ती स्वयंपाकघरातल्या वरच्या प्रेसमध्ये असतात. कपाटाला प्रेस म्हणायची इथली सवय आम्हाला इथल्या शाळेत जाणाऱ्या लेकीमुळे लागली.

सप्टेंबरात माझ्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्या भेटीत सांगितलं की एखादा जुना निकाल घे आणि तो आजही उभा राहतो का ते तपास. बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान, कॉर्ककडच्या. चहाचा मग हातात घेऊन बोलतात आणि सगळे त्यांना नावाने हाक मारतात. मी बॅगेतून तुमचा अंक काढला. त्यांनी विषय समजून घेतला आणि विचारलं, "अँड इज युअर मॅन स्टिल अराउंड?" इथे 'युअर मॅन' म्हणजे तो कोण तो गृहस्थ. तुम्हाला 'सर' न म्हणता कुणी पुढे गेलं तर तुम्ही कॉरिडॉरमधून परत बोलवायचात. मी म्हटलं, "नो, ही इज डेड," आणि मला बरं वाटलं. संदर्भसूचीतही तुम्ही तसेच आहात, आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षर. मी ते पुन्हापुन्हा उघडून बघते.

ती सतरा पानं आत घातल्यावर तुमचा दावा जमिनीवर आला. मग मी इथे नवी पानं गोळा केली, मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांकडून, मराठी मंडळाच्या जेवणात ताटं उचलली की कागद पुढे करून. तिथेही निकाल तुमच्या विरुद्धच. शिक्षण कमी होत जातं तसा निकाल कसा पडतो त्याचा मी आलेख काढला, त्यातली घसरती रेघ बघत बसले, आणि इतका आनंद मला पगारवाढीनेही झाला नव्हता.

मे महिन्यात आई आली. टेबलावरचे कागद बघून म्हणाली, "म्या पण लिवतो." मी पेन दिलं. तिने बारा पानं लिहिली, आणि सर, ते आकडे छापल्यासारखे होते. तीन तीनसारखा, सहा सहासारखा. लेक वाकून म्हणाली, "आजीज थ्रीज आर ग्रँड." मी विचारलं, आई, हे कधी शिकलीस? ती सहज म्हणाली, "तुह्या कालेजात डबा घेऊन आली व्हती ना म्या. थो सर बोलला ते आयकलं. मंग गिरवत बसो दुपारी, क्यालेंडरच्या मांगं. दोन वर्सं गिरवले." मग पान माझ्याकडे सरकवून तिने विचारलं, "आता बरोबर हायेत ना?"

मला वाटलं होतं, तुमच्याबद्दलचा राग आता आणखी वाढायला जागाच उरली नाही. ती होती. माझी आई भर दुपारी कॅलेंडरच्या मागे तीन आणि सहा गिरवतेय, दोन वर्षं, आणि तुम्ही तिकडे सत्कार घेताय. तुमचं हसू मला परत ऐकू आलं. मी ती बारा पानं प्रोग्रॅममध्ये घातली, आणि त्याने ती जवळजवळ सगळी बरोबर वाचली. दुसरीतून शाळा सोडलेली बाई, सत्तरी ओलांडलेली, आणि तुमचा दावा तिच्यापुरता खरा ठरत होता. घसरती रेघ सावरली. तुमच्या बाजूने.

मी ती पानं काढली. कारणंही तयार होती. पेन वेगळं, कागद वेगळा, आणि सराव केलेलं अक्षर काही नैसर्गिक नमुना नव्हे. मार्गदर्शक बाईंनी प्रबंधाचा मसुदा वाचून नेहमीचा प्रश्न विचारला, "एनिथिंग लेफ्ट आउट?" मी म्हटलं, नो. त्या म्हणाल्या, "ग्रँड सो," म्हणजे मग ठीक आहे.

परवा आई नागपूरला परत जायला निघाली. बॅगेला कुलूप लावता लावता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "माहे आकडे घेतले ना तुह्या पुस्तकात? या टायमाले?"

मी म्हटलं, हो आई.

विमानतळावरून घरी आल्यावर मी कोट न काढता टेबलाशी बसले, बारा पानं परत घातली आणि सगळे तक्ते नव्याने चालवले. तुमचा दावा अजूनही पडतो, सर, पण मला हवा होता तितका नाही. तुमच्या पद्धतीबद्दल, म्हणजे माझ्या पद्धतीबद्दल, दोन बरी वाक्यं मला लिहावी लागली. ती लिहिताना हात जड झाला. तुम्हाला माफ वगैरे केलेलं नाही. तुम्ही सतरा पानं लपवलीत ते एका परिच्छेदात सरळ लिहिलंय, आणि तो परिच्छेद मी चारदा घासूनपुसून धारदार केलाय.

शुक्रवारी प्रबंध द्यायचा आहे. त्यात 'वगळलेले नमुने' असा एक मथळा असतो, त्याखाली मी लिहिलंय, एकही नाही. ते आता खरं आहे. तीन आठवडे ते खरं नव्हतं, हे मी बाईंना सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते: ती पानं बाजूला काढताना माझा हात जराही थांबला नाही. तुम्ही कशी काढायची ते दाखवलं होतं, मी तशीच काढली.