अंगणावरचा कॅमेरा

बुधवार, दिवेलागण

आज पुन्हा सरपंचाकडे गेलो. चौकातला सरकारी कॅमेरा थोडा वळवा, तो थेट आमच्या अंगणात पाहतो, एवढंच मागणं. सरपंच हसला. "काका, चोरी तं नाही करत ना? मंग काऊन भेता?"

मी उठून निघालो. दर उन्हाळ्यात शेजारच्या शमीमभाभी आमच्या हिच्यासोबत अंगणात शेवया करायच्या. डोक्यावरचा पदर खाली टाकून दोघी मोकळ्या हसायच्या. यंदा शेवयांचा पाट भिंतीला उभाच. भाभी म्हणाल्या, "भाऊ, तिकडं पोलीस ठाण्यात कोण पाह्यत असन, काय मालूम." यात चोरी कुठली?

पाहतो तर देवही. पण तो ठाण्यात बसून पाहत नाही. काल तुळशीपुढे मी उगाच ताठ बसलो होतो. कोणासाठी?

घरी आलो तर हिने कॅमेऱ्याच्या बाजूने दोरीवर जुनं लुगडं पसरलेलं.

"सरपंच काढायले लावन," मी म्हणालो.

"त्याले सांगा, वाळाले टाकलं."

पाट मी धुऊन ठेवला. थकलोय. खोटं बोलणं जिवावर येतं. पण उद्या सरपंच आला तर सांगेन, अजून वाळलं नाही.