धाकटीचा रविवारचा फोन

३ मार्च

खोटं! साफ खोटं. आणि तू, डायरीच्या पाना, तूही आईसारखीच मान डोलवू नकोस. धाकटी मजेत नाहीये.

दीड वर्षापूर्वी शिलाईवाली बाई वस्तीवर आली. धाकटीला शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात लावते म्हणाली, घेऊन गेली. दर रविवारी फोन येतो. अजून काय पाहिजे तुला, आई विचारते.

आज आईने फोन स्पीकरवर टाकला, काकूला ऐकवायला. मी बरी आहे, जेवण चांगलं आहे, काळजी करू नका. सगळं शुद्ध भाषेत, पुस्तकातल्यासारखं. आई खूश! म्हणे, बघ पोरगी कशी सुधारली, नाहीतर तू — कॉलेज करून डोंगरातली ती डोंगरातलीच.

पण स्वतःच्या आईशी असं कोण बोलतं? धाकटी झोपेतसुद्धा आमच्या बोलीत भांडायची.

१० मार्च

आज मीच फोन हिसकावला. बोलीत विचारलं, शेजारी कुणी बसलंय? मग शुद्धात, "हो." फोन कट.

जो कोण शेजारी बसतो त्याला आमची बोली कळत नाही. म्हणून तिला बोलीची बंदी. इतकं सरळ आहे! आईला सांगितलं. तुला बहिणीचं बरं झालेलं बघवत नाही, म्हणाली.

११ मार्च

चौकीवर गेले. हवालदाराने चहा संपवला, मग विचारलं, फोन येतो ना? मग हरवली कशी लिहू? वर हसून म्हणतो, तुमच्या डोंगरातल्या पोरींना शहराची हवा लागली की घर नकोसं होतं.

एवढं शिकले — आणि काय केलं? बाहेर भिंतीला टेकून रडले.

१७ मार्च

फोन नाही.

२४ मार्च

धाकटी आली. स्वतः! नवा ड्रेस, उंच चपला, गालाची हाडं वर आलेली. आईला फक्त चपला दिसतायत. सोबत शिलाईवाली बाई, दारातच खुर्ची टाकून बसलीय, हलत नाही. कारखान्यात अजून एक जागा आहे म्हणे. उद्या काकूच्या भिंगरीला नेणार. भिंगरी चौदाची. धाकटीच्या चपला घालून घरभर ठेचकाळतेय.

नळावर धाकटीला एकटीला गाठलं. भांडी घासत, मान खाली घालून ती बोलीत बोलली. कारखाना नव्हताच. पहिल्या आठवड्यातच विकलं. पुढे आणखी एकदा. मूल झालं. मुलगी. आता दात येतायत.

"पोर तिकडे ठेवून घेतलीय, ताई. भिंगरी नेली की देणार."

मी म्हटलं, चल, आत्ता पळू, पोलिसांच्या मोठ्या साहेबांकडे जाऊ. तिने राखेच्या हातांनी माझं मनगट धरलं. बाई रोज तिकडे फोन करते. एक दिवस चुकला तर पोर परत दिसायची नाही.

"तू फक्त गप्प राहा. एवढंच कर माझ्यासाठी."

मी हो म्हटलं.

२५ मार्च

आई दोघींचा डबा भरतेय. बाई चहा पितेय. धाकटी अंघोळीला गेलीय.

भिंगरीला मागच्या दाराने काढलं. कॉलेज दाखवते सांगितलंय. शेताच्या बांधावर थांबलीय ती, हसतेय.

भाचीचं नाव विचारायचं राहिलं.

न्हाणीतून हाक आली — ताई, टॉवेल दे गं.

निघाले.