सासरच्या मंडळींची सोय

६ सप्टें. १९७१
वरून पत्र आलंय. कृषी विद्यापीठातल्या स्त्री-कर्मचाऱ्यांना पुरुषांच्या बरोबरीनं कामं व बढत्या मिळतात का, ते कळवा. विभागप्रमुख पाटणकर सरांनी ते सरळ माझ्या टेबलावर आणून ठेवलं. बाईनं लिहिलेलं बरं दिसतं म्हणे, तुम्हीच लिहा. म्हणजे मला बढती का नाही, हे मीच कळवायचं. सात वर्षं ज्वारीची कणसं मोजतेय, आधी कॉलेजात, आता विद्यापीठात. माझ्या मागून आलेले दोघे पुढे गेले. बरं, लिहू.

८ सप्टें.
अर्ध्या पानात झालं. शेतकऱ्यांच्या रानात चाचणी प्लॉट घेऊन दोन हंगाम फिरती केल्याशिवाय बढती नाही, आणि बायकांना फिरती देत नाहीत. संपलं. पा. सर वाचून हसले. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "देत नाही कसं म्हणता? तुम्हीच नको म्हणता. फायली बघा."

९ सप्टें.
बघितल्या. विभागात आम्ही पाच जणी. पाचही फायलींत फिरती देऊ नये म्हणून विनंती अर्ज. माझा हातानं लिहिलेला. बाकी चार सायक्लोस्टाइल, नुसतं नाव भरायचं. मजकूर शब्दन् शब्द माझा. 'सासरच्या मंडळींची सोय पाहता व घरातील वडीलधाऱ्यांच्या संमतीने...'
कुसुम गदादेनंही तोच भरलाय. कुसुमचं लग्न झालेलं नाही.
आधी हसू आलं. मग फाईल बंद केली.

१० सप्टें.
कुसुमला विचारलं. मिरजगावची, शेतकऱ्याची मुलगी, गेल्या वर्षी लागली, अजून तात्पुरती. रुजू व्हायला आली त्या दिवशीच क्लार्कनं कागद पुढे केला. "सगळ्या बाया करत्यात म्हनले, मी बी केली सही. त्यात माझं सासर पन हाय, हे कुनी वाचलंय?"
यंदा रब्बीचे प्लॉट मिरजगावलाच आहेत. तिला जायचंय. तिथली जमीन तिला पा. सरांपेक्षा जास्त कळते आणि ती इथे बसून तक्ते आखतेय. हा हंगाम हुकला तर कायम करायच्या यादीत तिचं नाव नाही. माझ्यासारखीच राहील.

१२ सप्टें., रविवार
माझा अर्ज कसा झाला ते चांगलं आठवतंय. नवं लग्न. हे इथल्याच आस्थापना शाखेत. चहा पीत यांनी मजकूर सांगितला, मी लिहून काढला. केवढी काळजी करतात, असं वाटलं होतं. बरं वाटलं होतं. इथे तरी खोटं कशाला लिहू.
आज विचारलं, बाकीच्यांसाठी स्टेन्सिल कोणी कापली? हे म्हणाले, मीच. मसुदा चांगला होता. प्रत्येकीला नव्यानं लिहायला लावायचं म्हणजे वेळ जातो. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

१५ सप्टें.
हे अर्ज खरे नव्हेत, असं अहवालात लिहू का म्हणून आमच्या पाच जणींतल्या जोशीबाईंना विचारलं. त्या भडकल्या. "माझा खरा आहे. घरी नवरा अंथरुणावर. तुझ्या बरोबरीपायी मला खर्ड्याच्या प्लॉटवर पाठवतील, मग त्यांना पाणी कोण देणार?" त्यांचं चुकलं कुठे? पाच अर्जांत एक खरा निघाला, आणि अहवाल अडला.

१७ सप्टें.
कुसुमनं आपला अर्ज मागे घेतला. एकच ओळ. 'मला सासर नाही, सबब अर्ज रद्द समजावा.' मला सुचली नसती.
पा. सर म्हणाले, जीपमध्ये सगळे पुरुष, तीन आठवडे मुक्काम, एकटी मुलगी कशी पाठवू? दुसरी बाई तयार असेल तर दोघींना खुशाल पाठवतो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. स्वतःचीच इतकी चीड आली.
सुटताना कुसुम नळापाशी भेटली. "बाई, तुमी न्हाई म्हनलात तरी मी तुमाला बोलनार न्हाई. पन तुमच्याबिगर मला जाता येत न्हाई, एवढं ध्यानात असू द्या."

१९ सप्टें., रविवार
घरी विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, एवढ्याशा मनूला कोण बघणार, मला तर ताटातलं दिसत नाही. तेही खरंच, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हे म्हणाले, तुझं तू ठरव. आणि पेपर वाचायला लागले. यांनी नाही म्हटलं असतं तर मी कधीच निघाले असते.
कोपरगावला आईला पत्र टाकलं. येशील का, तीन आठवडे?

२४ सप्टें.
आईचं कार्ड. रविवारी येते. मनू सारखी विचारतेय, तू कुठे जाणार? मिरजगाव सांगितलं तर म्हणाली, तिथे मिरच्या असतात का. तीन आठवडे या पोरीला न बघता राहायचं. तरी जायचं आहे.

२५ सप्टें., शनि.
अर्ज मागे घेत असल्याचा कागद सकाळीच दिला. आवक नंबर पडून नोंद झाल्याशिवाय पा. सर सोमवारच्या जीपच्या यादीत नाव घालत नाहीत. आवक रजिस्टर यांच्याच टेबलावर. यांनी कागद वाचला. "ठेवा, बाई." ऑफिसात हे मला बाईच म्हणतात, त्याचं काही नाही. पण माझ्यानंतर टेबलाशी आलेल्या दोघांच्या कागदांवर शिक्के पडले, माझा ट्रेमध्ये तसाच. चार माणसांत काय बोलणार? दीडला ऑफिस बंद झालं.

२६ सप्टें., रविवार
आई आली. मनू तिला चिकटून आहे. सा.बाई आईशीही बोलत नाहीत, माझ्याशीही.
दुपारी हे शेंगा सोलत बसले होते. मान खाली घालूनच म्हणाले, "नंबर घातला नाही अजून. घालू का?"
लग्नानंतर माझ्या नोकरीबद्दल यांनी मला पहिल्यांदा काही विचारलं. मी म्हटलं, घाला.
"बरं. उद्या गेल्या गेल्या घालतो."
जीप सकाळी सातला सुटते. ऑफिस साडेदहाला उघडतं. हे यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. मी समोर उभी राहिले, यांनी वर पाहिलं नाही.
पिशवी भरलीय. कुसुम पावणेसातला गेटवर उभी असेल. तिला काय सांगू? का नंबराशिवायच जाऊन जीपमध्ये बसायचं, आणि सरांनी उतरा म्हटलं तर?