सिद्धूचे ताट

४ जून १९७४, सांगली
रविवारी कुंडल सोडून इथे आलो, मी आणि माझा सिद्धू. खोली लहान आहे, पण उजेड भरपूर आणि नळ दारातच. घरमालकीण रंगुबाईंनी आल्याआल्या ताक दिले. सिद्धूने सायकल चोरली होती. पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टाने दोन वर्षे नीट वागण्याच्या हमीवर सोडले. आज हळदीच्या वखारीत कामाला लागला. परत आला तो पिवळे हात माझ्याच पदराला पुसले. खूप दिवसांनी हसले.

१९ ऑगस्ट
हमीचे तीन महिनेही झाले नाहीत. सिद्धूने वखार फोडली, राखणदाराचे डोके फोडले. कबूलही केले. दोन्ही शिक्षा एकत्र भोगू द्याव्यात म्हणून वकिलांनी विनवले. न्यायाधीश म्हणाले, टाकलेला विश्वास याने मोडला. आधी सायकलीचे सहा महिने. ते संपले की वखारीची दोन वर्षे.

२ सप्टेंबर
आमच्याकडे माणूस पलटणीत गेला की घरी रोज त्याच्या नावाचे ताट वाढतात. ह्यांचे मी तार येईपर्यंत वाढत होते. आजपासून सिद्धूचे वाढले. रंगुबाई रागावल्या. म्हणाल्या, "शालूबाई, हे पलटणीतल्या माणसासाठी असतंय. तुरुंगातल्याचं वाढू नगासा. त्याच्या नावावर कोण जेवाय येईल, काय नेम हाय?"
मी म्हटले, येईल त्यो भुकेलाच असंल की.

११ सप्टेंबर
ताट रिकामे. मांजर असेल म्हणावे, तर ताट धुऊन पालथे घातलेले.

२२ सप्टेंबर
भेटीला गेले. सिद्धूच्या गळ्याची हाडे वर आली आहेत. म्हणतो, जेवण मिळते, पण पोटात काही राहत नाही.

२३ सप्टेंबर
भर दुपारी पाटावर कोणी बसले होते. पाठ सिद्धूची. सदरा सिद्धूचा. हाक मारली. वळला नाही. चावत राहिला.

६ ऑक्टोबर
दहा दिवस ताट वाढले नाही. आज सिद्धूला दोघांनी धरून आणले. जाळीपलीकडून म्हणाला, "आई, वाढत जा गं. तू वाढलं न्हाईस की त्यो मला खातोय." दंडावर — मी पाहिले. दातांच्या खुणा.

१० नोव्हेंबर
वाढते. तो जेवतो. सिद्धू वाळतो, पण जिवंत आहे. कुणाला सांगू?

१८ फेब्रुवारी १९७५
सहा महिने संपले. आज पाट रिकामा, ताट तसेच. सुटलो. रडले.

१९ फेब्रुवारी
वखारीची दोन वर्षे सुरू झाली. दुसरा आला. दारातून वाकून आत आला. आठ भाकऱ्या. डब्यात पीठ नाही —

२० फेब्रुवारी
पीठ आणले. भाकऱ्या केल्या. भाकरीला हात लावत नाही. तुरुंगाच्या बाजूची भिंत हुंगतो — उठला. मी दारात आडवी बसले आहे. सिद्धूच्या आवाजात म्हणतो, आई, सर. सरणार नाही. दोन वर्षे इथेच बसेन. पुन्हा म्हणाला. खांद्यावर हात — गरम नाही, थंड नाही, नुसते वजन — सिद्धू, बाळा, तिकडे तुझ्या कोठडीला आतून कडीही नाही —