उंबराखालचे खाचर आणि भावोजींचा दगड

मी, निर्मला भिकाजी ओव्हाळ, वय सहासष्ट, निवृत्त परिचारिका, राहणार तुंगार्ली, लोणावळा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या बुद्धीने, कोणी दटावलेले नसताना लिहून ठेवत आहे. मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या पतीचे याबाबत वेगळे मत आहे. ते जोडलेले नाही.

लिहिण्याचे कारण असे, की गेल्या मे महिन्यात माझी अँजिओप्लास्टी झाली. तेव्हा हे दवाखान्याच्या बाकावर भिंतीकडे बघत बसून राहिले, कोणाशी बोलले नाहीत, चहासुद्धा घेतला नाही, असे आमची मुलगी चैताली हिने मला नंतर सांगितले. मला मरणाची फारशी भीती वाटत नाही. त्या बाकाची वाटते.

१. तुंगार्लीचा फ्लॅट माझ्यामागे पती भिकाजी यांना राहावा. त्यांच्यानंतर तो मुलगा आकाश व चैताली यांनी समान वाटून घ्यावा. स्वयंपाकघराच्या नळाची चावी उलटी फिरते. ती यांनी दुरुस्त केलेली आहे, म्हणून उलटी फिरते.

२. माझी बोरमाळ चैतालीला आणि तिच्याकडून पुढे नात पायल हिला. पायलच्या उष्टावणाला आमच्या खाचरातल्या इंद्रायणीचा मऊ भात केला होता. पहिला घास तिने यांच्या शर्टावर थुंकला व दुसरा गिळला. तो शर्ट यांनी अजून धुवायला टाकलेला नाही. तो कोणालाही देण्यात येऊ नये, धुवावा.

३. कार्ल्याचे भातखाचर. हे माझ्या नावावर कसे आले, ते लिहिणे भाग आहे, नाहीतर आकाशला वाटेल की आईने दमदाटी केली.

सासूबाई गेल्यापासून जमीन पडीक होती. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर यांनी ठरवले, की आता आपण शेती उभी करायची. खाचर कोणते, असे मी विचारले. "उंबराखालचं. माझा जन्म गेलाय तितं," असे हे म्हणाले. जन्म रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेला होता. आम्ही उन्हाळाभर घाणेरी उपटली, दगड वेचले, फुटलेले बांध घातले, शेण व पालापाचोळा जाळून राब भाजला, रोपे केली. उपटलेला सगळा कचरा बांधापलीकडे टाकला.

यांचे चुलत भाऊ हौशीराम रोज येऊन त्या बांधावरच्या दगडावर बसत, गावच्या गप्पा सांगत आणि माझ्या डब्यातली भाकरी खात. लावणीच्या दिवशी त्यांनी हात धुतले आणि म्हणाले, "दादा, लय झ्याक केलंत बगा माझं खाचर."

आमचे खाचर बांधापलीकडचे. त्यावरचा उंबर कधीच पडला होता, उभा होता तो हौशीराम यांचा. वरून आम्ही टाकलेला कचरा.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" मी विचारले.

"मला वाटलं, तुमी मायेनं करताय. आन तुमी इचारलं बी न्हाई, वयनी."

दुसऱ्या दिवशी हौशीराम यांनी इर्जिक घातली. अर्धी आळी आमच्या खाचरात उतरली आणि दिवस मावळायच्या आत कचरा निघाला, बांध उभे राहिले. इर्जिकीत मजुरी नसते, जेवण असते, आणि ते ज्याचे शेत त्याने घालायचे. म्हणजे भाकरी पुन्हा मीच भाजल्या. त्याबद्दलचा माझा राग मी कोणालाही देत नाही, तो माझ्याबरोबर येईल.

त्यानंतर यांनी जमीन माझ्या नावावर केली. आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली त्या दिवशी उतारा हातात ठेवला. भात पोटरीत आले होते, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या. "आता चुकलं तर तुझं चुकंल," असे म्हणाले. मला रडू आले, ते मी वाऱ्यावर ढकलले.

सदर खाचर माझ्यामागे पतीने हयातभर कसावे, नंतर दोन्ही मुलांकडे सामाईक राहावे. आकाशला तेथे पर्यटकांसाठी बंगला व पोहण्याचा तलाव बांधायचा आहे. त्याने लावणीला यावे. घोट्यापर्यंत पाणी असते.

४. माझ्यामागे होणाऱ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात भाषणे दोनच व्हावीत. आकाशने माझ्या सेवेबद्दल बोलू नये, त्याला माझ्या दवाखान्याचे नाव माहीत नाही.

५. हौशीराम यांना बांधावरचा दगड. माझ्यामागे त्यांनी रोज तेथे येऊन बसावे आणि यांना बोलते ठेवावे. यांना एकटे बसू देऊ नये. गप्पा खोट्या असल्या तरी चालतील. डबा चैतालीने पाहावा.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असे वकीलबाई म्हणाल्या. हौशीराम यांना येथे मिळत काहीच नाही, काम लागते आहे. सबब ते साक्षीदार म्हणून चालावेत.

वरील मजकूर सर्वांसमोर वाचून दाखवला. हौशीराम यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "बसंन की. पर वयनी, उन्हाळ्यात त्यो दगड लय तापतो. गोणपाटाचं बी लिवा."

एक गोणपाट द्यावे, असे मी लिहायला घेतले. हे सकाळपासून आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे होते. वळले नाहीत. म्हणाले, "दोन लिव. मी काय हुबा राहू व्हय?"

६. गोणपाटे दोन द्यावीत.

लिहून देणार: निर्मला भिकाजी ओव्हाळ (सही)

साक्षीदार: १. हौशीराम सावळा ओव्हाळ (सही)
२. ॲड. सविता भालेराव (सही)

ठिकाण: कार्ले, ता. मावळ, जि. पुणे
दिनांक: १७ ऑगस्ट २०२५