न बोलणाऱ्यांच्या गाडीतली चौथी जागा

तीन पिढ्या निवडणुका हरत आलेल्या आपल्या घराण्याच्या समस्त हयात सभासदांनो (म्हणजे ताई तू, आणि उरलेला मी),

नमस्कार. सभेला गर्दी आपल्या आणि मतं मात्र त्यांना, हा अन्याय आपण आणखी किती काळ सोसायचा?

हे वाक्य मी तुला दर निवडणुकीला लिहितो आणि तू दर वेळी 'पुढचं बोल' एवढंच उलट कळवतेस, तेव्हा पुढचं बोलतो. तुझी प्रकृती ठीक असेल. भावोजींचा गुडघा कसा आहे? त्यांना जिना चढू नका म्हणावं, आणि चढलेच तर वर पोचल्यावर तक्रार करू नका म्हणावं. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुझ्या भावजयीने प्रचार संपेपर्यंत माहेरी राहायचं ठरवलं आहे, तेव्हा तीही खुशाल आहे.

तू इथून जाऊन इतकी वर्षं झाली की तुला आपला मतदारसंघ पुन्हा समजावून सांगितला पाहिजे. (नको म्हणू नकोस.) नकाशावर पाहिला तर तो शेतीचा वाटतो: हिरवे तुकडे, मधून नदी, कडेला गावं. उजाडल्यावर प्रत्यक्ष पाहिला तर ओसाड. ज्याला म्हणून काम करता येतं तो प्रत्येक माणूस पहाटे अंधारात शहराकडे निघतो आणि अंधारातच परततो. आपल्या घराला कुठला रंग दिला आहे हे त्याला फक्त रविवारी दिसतं. दिवसा इथे म्हातारी माणसं, कुत्री आणि उमेदवार एवढेच हिंडत असतात. मतदारसंघ अस्तित्वात आल्यापासून ही जागा त्यांच्या पक्षाची. आधी थोरले साहेब, मग थोरल्यांचे जावई, आणि आता डुलकीसाहेब. (हे नाव मी दिलेलं नाही, लोकांनी दिलं आहे, व्यासपीठावर त्यांना जागं पाहिल्याचं कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.) आपले आजोबा उभे राहिले, श्रमाच्या मोलावर बोलले आणि पडले. बाबा तीनदा उभे राहिले, तिन्ही वेळा श्रोते रडले, तिन्ही वेळा बाबा पडले. आत्या एकदा उभी राहिली आणि अशी बोलली, की थोरल्यांच्या बायकोने भर सभेत टाळ्या वाजवल्या. तिची अनामत रक्कम गेली. या सगळ्या इतिहासात आपला विजय एकच, मामांचा, पोटनिवडणुकीतला. तो का झाला यावर घरात कधी एकमत झालं नाही. बाबा म्हणायचे, वैचारिक पायाभरणीला फळ आलं. आत्या म्हणायची, हवा फिरली होती. मामांच्या घशाची तेव्हा नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती आणि सबंध प्रचारात त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता, ही गोष्ट आपण त्यांच्या पराक्रमाचं मोल वाढवायला सांगायचो: बोलता येत नसतानाही निवडून आले! पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यांचा घसा बरा झाला आणि ते पडले.

आता या वेळी मी उभा आहे. मुद्दा तुला पाठ आहे: पूल. नदीच्या मध्यापर्यंत जाऊन तो थांबला आहे, बोलता बोलता काय बोलत होतो हे विसरलेल्या माणसासारखा. तो पुरा नाही म्हणून सगळ्यांना वळसा घालून जावं लागतं, आणि वळसा घालावा लागतो म्हणून अलार्म तासभर आधी लावावा लागतो. ताई, जगाच्या इतिहासात माणसाची जमीन लुटली गेली, धान्य लुटलं गेलं, कष्ट लुटले गेले. पण एका सबंध मतदारसंघाची झोप रोज तासातासाने लुटली जाते आणि लुटणारा स्वतः व्यासपीठावर घोरतो, हे कुठल्याही ग्रंथात मला सापडलेलं नाही! (हे वाक्य भाषणातलं आहे. चांगलं झालं आहे ना?)

हे मी त्यांना सांगणार कधी? ते घरी असतात तेव्हा. म्हणून सभा ठेवल्या जेवणं उरकल्यावर, वस्तीवस्तीत, चारी दिशांना तोंड केलेल्या भोंग्यांसकट, म्हणजे ज्यांना येणं जमत नाही त्यांनाही घरबसल्या ऐकू यावं. सभा रंगत गेल्या. पहिल्याच सभेला छापखान्यातला फोरमन झोपायच्या कपड्यांवर, अनवाणी, थेट पहिल्या रांगेत येऊन उभा राहिला आणि माझ्याकडे टक लावून पाहत राहिला. मला भरून आलं. कपडे बदलण्याइतकाही धीर न धरणारा श्रोता बाबांनासुद्धा लाभला नव्हता. मी त्याच्यासाठी अर्धा तास जास्त बोललो.

तरी आपल्या पक्षाचे सेक्रेटरी (तेच, बाबांच्या सभेत खुर्च्या मांडायचे) म्हणाले, नुसतं व्यासपीठावरून भागणार नाही, जनतेत मिसळा. त्याच दिवशी वाण्याच्या दुकानातल्या फळ्यावर चिठ्ठी दिसली: 'शहराला जाणाऱ्या गाडीत चौथी जागा रिकामी. बोलणारे नकोत.' मी समजलो, वायफळ बोलणारे नकोत. मी गेलो.

गाडी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका बाईंची, चालवतातही त्याच. शेजारी तो फोरमन. मागे एक नर्स आणि मी. पहिल्या पहाटे दार उघडून मी फक्त 'मित्रहो' म्हणालो. बाईंनी चालू केलेली गाडी बंद केली, मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मी गप्प झाल्यावर पुन्हा चालू केली. नियम असा, की शहराची वेस येईपर्यंत कुणी बोलायचं नाही. बाई सोडून सगळे झोपतात. परततानाही तेच. ताई, जाताना रोज तो पूल लागतो. खिडकीतून, माझ्याच बाजूला. त्याच्यावर माझ्याकडे पाऊण तासाचं भाषण तयार आहे, आणि ज्यांच्यासाठी तयार आहे ते तिघं हाताच्या अंतरावर, आणि मला खोकायचीही सोय नाही. मी शब्द अक्षरशः गिळले. वजन वाढलं. शहरात माझं काही काम नसल्यामुळे दिवसभर सार्वजनिक वाचनालयात बसायचो, आणि वाचलेलं सगळं परतीच्या वाटेवर तोंडात धरून आणायचो. असे तीन महिने काढले.

परवा संध्याकाळी परतताना टायर पंक्चर झालं. गाडीबाहेर बोलायला हरकत नाही असं दिसलं, कारण जॅक लावता लावता फोरमनच बोलला.

"काका, एक विचारू? त्या पहिल्या सभेत मी तुमच्यासमोर येऊन उभा राहिलो होतो, आठवतं?"

"न आठवायला काय झालं! असा श्रोता..."

"भोंगा बंद करा म्हणायला आलो होतो. तुम्ही श्वासच घेईनात."

नर्स हसली. मग म्हणाली, "तुमचा पूल आम्हाला पाहिजे हो, काका. माझं पोरगं मला फक्त झोपलेलं दिसतं. तासभर वाचला तर निदान जागं झालेलं बघून निघेन. पण तुमची सभा झाली की त्या रात्रीची झोप पण जाते."

"मग मत डुलकीसाहेबांना का देता?" मी विचारलं. (चिडून नाही. थोडंसं.)

"ते झोपतात," बाई चाक आवळत म्हणाल्या, "आणि झोपू देतात."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी रस्त्याच्या कडेला खालीच बसलो. शहराच्या वेशीवर मी उतरून वाचनालयाची वाट धरली, की सगळ्या गाड्या चहाला थांबतात. तिथे माझं नाव झालं आहे म्हणे. पूल मागणारा आणि तीन महिने गाडीत एक अक्षरही न बोलणारा उमेदवार. असा माणूस या भागात झालाच नाही. शेजारची गाडी मला मत देणार. तिच्या शेजारची देणार. हिशेब घातला तर अख्खा पहाटेचा रस्ता देणार. अट एकच: मतदानापर्यंत भोंगा वाजता कामा नये.

ताई, जागा येते आहे! आणि ती माझ्या तोंडामुळे जाणार आहे. मी ताबडतोब सेक्रेटरींना म्हणालो की उरलेल्या सभा रद्द करा. ते पोट धरून हसले, आणि काल रात्रीची सभा ठरल्याप्रमाणे झाली. मी पक्कं ठरवलं होतं: उठायचं, नमस्कार म्हणायचं, बसायचं. उठलो. नमस्कार म्हणालो. नमस्कारावरून मला हात जोडणं आठवलं, त्यावरून जोडणं, त्यावरून पूल. मी थांबलो तेव्हा सेक्रेटरी खुर्च्या गोळा करत होते. आज पहाटे गाडीत कुणी काही बोललं नाही. रोजच बोलत नाहीत. पण रोज बाई सोडून सगळे झोपलेले असतात म्हणून बोलत नाहीत, आज फोरमन आणि नर्सही टक्क जागे होते. उतरताना बाई एवढंच म्हणाल्या, "एक माफ."

आता फक्त गुरुवारची समारोपाची सभा राहिली आहे. रविवारी मतदान. भोंगे दुप्पट मागवले आहेत.

असो. तुझ्याकडे काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. आशीर्वाद असू दे, म्हणजे सगळं आलं. भावोजींना माझा नमस्कार, गुडघ्याला शेक.

तुझा,
(निवडून येऊ शकणारा) धाकटा भाऊ

ता. क. आशीर्वाद टपालाने पाठवू नकोस. गुरुवारी दुपारी तू स्वतः गाडी घेऊन ये आणि मला सभेच्या आधी इथून ने. सभेत मी नसलो तर भाषण नाही. सेक्रेटरींना कधी दोन वाक्यांच्या पुढे बोलता आलेलं नाही, हा पक्षाचा मोठा आधार आहे. रविवारी माझं मत देण्यापुरतं मला परत आण आणि रांगेत माझ्या शेजारी उभी राहा.

ता. क. दुसरा. हे मी तुलाच का सांगतो आहे ते तुला कळलं असेल. बाबांच्या शेवटच्या सभेला आपण दोघं बाकावर बसलो होतो. बाबा बोलत होते आणि समोरच्या वस्तीतल्या खिडक्या एकेक करून उजळत होत्या. बाबा गहिवरून म्हणाले, "पाहा, जनता जागी होते आहे!" तू माझ्या कानात म्हणालीस, "झालीच आहे रे, म्हणून तर पडणार." मी तुझ्याशी आठवडाभर अबोला धरला. ताई, त्या रात्री त्यांना कुणीतरी मंचावरून उचलून न्यायला हवं होतं. आपण लहान होतो.

ता. क. तिसरा, आणि महत्त्वाचा. तू येशील तेव्हा मी नाही म्हणेन. जनतेला दिलेला शब्द म्हणेन, आजोबा म्हणेन, इतिहास म्हणेन, फक्त पाच मिनिटं बोलतो म्हणेन. दाखले देईन, आणि ते खरे असतील. तुला पटेल, भावोजींना तर नक्कीच पटेल. पटलं तरी गाडीतून उतरू नकोस. उत्तर देऊ नकोस. माझ्या बाजूचं दार उघड, मी बसेपर्यंत हॉर्नही न वाजवता थांब, आणि बसलो की गाडी चालू कर.