आधी उकिरडा, मग गोठा

मारुंजी,
ता. ८ मे १९६३

चिरंजीव जयसिंगभावजी यांस,

तुमच्या वहिनीचा, चंद्राबाईचा आशीर्वाद. हितं समदं ठीक हाय, तुमी तितं बरे असाल. तारीख वरच्या कोपऱ्यात घालायची असं साक्षरतेच्या वर्गात गुरुजींनी शिकवलं, तशी घातलीय. अक्षर वाकडं हाय, पर हे दुसऱ्याकडनं लिहून घेन्यासारखं न्हाई. भैरूच्या हाती धाडतेय. त्याला वाचता येत न्हाई ते बरंच हाय.

शेळी व्याली, दोन करडं हायेत. शेजारच्या रंभाबाईचं अन् तिच्या सुनेचं परत वाजलं, म्हनून ती सारा दिवस माझ्याच वट्यावर बसलेली असती.

आता खड्ड्याचं. दिवाळी झाल्यावर तुमी आला अन् माझ्या परसात, वड्याकडंच्या कोपऱ्यात, खड्डा खांदू का म्हनून इचारलं. तुमी नोकरीला हाय त्या विद्यापीठातल्या पोरांच्या खानावळीचा केर आता नाल्यात लोटायचा न्हाई, कुजवून खत करायचं, असं तिथल्या सायबांनी ठरवलंय म्हनला. भैरूची गाडी पेंढा घिऊन विद्यापीठाजवळ औंधाला जातीच, येताना रिकामी यायची ती केर घिऊन यील. मी व्हय म्हनले. तुमचे थोरले बंधू गेल्यापासनं तुमी मला कदी वावगं बोलला न्हाई, म्हनून व्हय म्हनले. पर पाल चुकचुकली ती तवाच.

खोटं कशाला बोलू? पलीकडं तुमच्या वाट्याचं येवढं रान पडलंय, मग खड्डा माझ्याच परसात का? तुमी म्हनला, तितं खाली मुरूम लागतो. लागत असंल. पर जागा कशी जाती ते मी बी बघितलंय. माझ्या माहेरी चुलत्यानं आमच्या परसात असाच उकिरडा टाकला हुता. आधी उकिरडा, मग गोठा, मग गोठ्याला कूड. पंचांम्होरं बसल्यावर म्हनतो कसा, माझा उकिरडा हितं किती सालांचा हाय ते गावाला इचारा. पंचांनी जागा त्यालाच दिली. दुधानं तोंड पोळलं की मानूस ताक बी फुकून पितं, भावजी. त्यो कोपरा सोडला तर मला शेळ्या बांधायला जागा न्हाई, अन् माझ्या बाजूनं भांडायला पोटी कुनी न्हाई.

गाडी यायला लागली. केळीच्या साली, बटाट्याच्या साली, चहाचा चोथा, पत्रावळ्या. काच न्हाई, पत्रा न्हाई, समदं निवडून आलेलं. मला त्याचा बी संशय. फुकटच्या केराची कोन येवढी निगा राखतंय? तुमी आला की वरनं माती पसरायचा, काठी खुपसून ती हाताला लावून बघायचा, आतनं ऊन लागतंय, म्हंजी कुजतंय, म्हनून हसायचा. मी दारातनं बघायची. रंभाबाई म्हनायची, मानूस आपल्या मालकीच्या जागंवरच असा हसतो गं. तिनं म्हनावं अन् मला पटावं, असे ते दिस. होळीला खड्डा भरला तशी गाडी थांबली, अन् तुमी बी आला न्हाई.

परवा भैरूनं निरोप आनला, की जयसिंग येत्या रविवारी सायबांना घिऊन येनार, जागा बघायला. म्हनलं झालं, मोजनी आली. दुसऱ्या दिशी भैरूच्या गाडीत पेंढ्यावर बसले अन् तुमच्या विद्यापीठात आले. व्हय, मी आल्ती. तुमाला ठावं न्हाई.

तुमी आमाला सांगितलं हुतं, कचेरीत शिपाई हाय. पर राखनदारानं मला खानावळीच्या मागं धाडलं. तितं तुमी कंबरंला गोनपाट बांधून पोरांचं उष्टं हातानं निवडत हुता. मला रडूच आलं, अन् आमाला फसवलं म्हनून राग बी आला. झाडाआड उभी ऱ्हायले. तेवढ्यात चष्म्याचे सायब आले, म्हनले खत दावलंस की हे काम कायमचं तुझ्याकडं. अन् तुमी म्हनला, "रविवारी चला सायब. माझ्या वहिनीच्या परसात हाय. दादा गेल्यापासनं तिच्या दारात बैल न्हाईत, रानाला शेनाची पाटी ठावं न्हाई. समदं खत तिच्याच भाताला जानार. मग पीक बघा."

मी तशीच माघारी फिरले. भैरूला म्हनलं, भेट झाली.

इतकं लिहिलं, पर ज्यापायी हे पत्र हाय ते अजून लिहिलं न्हाई. भावजी, सायबांना आनू नका. खड्डा रिकामा हाय.

निरोप यायच्या आधीच, राब भाजायच्या दिसांत, मी त्यो उपसला. उकिरडाच न्हाई तर हक्क कशाचा, येवढंच डोक्यात. भाताच्या रोपाच्या जागंवर समदा गाव पाला-शेन जाळतोच, मग हे का न्हाई? तितं पसरलं, वर वाळल्या फांद्या टाकल्या अन् काडी लावली. खालची काळी भुसभुशीत माती हातात घेतल्यावर वाटलं हुतं, की ही जाळायची चीज न्हाई. तरी जाळली. धूर उठला तवा रंभाबाई म्हनली, बरं झालं. मला काय बरं वाटलं न्हाई.

तुमी सायबांम्होरं खोटं पडाल, म्हनून लिहितेय. न्हाईतर असं करा, आनाच त्यांना. मी दारात उभी ऱ्हाऊन सांगते, खत झालं हुतं, ह्या हातांनी बघितलं अन् ह्याच हातांनी जाळलं. माझ्या दिराचं काम खोटं न्हवतं. बाईमानसानं सायबांम्होरं बोलावं का, ते रंभाबाईला बोलू द्या.

तुमी काय काम करता ते गावात कुनाला सांगितलं न्हाई. तिला बी न्हाई. पर मला तुमी सांगायला हवं हुतं. खरं सांगितलं असतं तर मी ते खरं मानलं असतं का, ते मला बी ठावं न्हाई.

खड्ड्यात आता शेळ्यांच्या लेंड्या अन् घरचा केर टाकतेय. वरनं माती पसरते, तुमी पसरायचा तशी. काठी खुपसून बघते. अजून ऊन लागत न्हाई. भैरूच्या गाडीत केर परत धाडायला लागा.

त्यो कोपरा खड्ड्यापुरता तुमचा. चार मानसांत सांगा म्हनाल तर सांगते. गोठा मातुर बांधू नका.

रिकाम्या खड्ड्याच्या काठावरनं,
तुमची वहिनी
चंद्राबाई